पंचांग आकाशाशी ताडून पाहणारे मास्तर



स्मरणिकेसाठी लेख द्या, असे आपल्या चिटणीस वहिनींनी सांगितले तेव्हा मी नेहमीप्रमाणे टाळाटाळ केली. मी डिप्लोमा झालेला साधा रेल्वेतला इंजिनिअर. रूळ, खडी, पूल, मोऱ्या यांच्यातच दिवस जातो. लेखक वगैरे नाही. पण या वेळी मला एक जुनी चूक दुरुस्त करायची आहे आणि ती याच स्मरणिकेत केलेली आहे, म्हणून लिहायला बसलो. चूक कोणती ते शेवटी सांगतो. आधी ज्यांच्याबद्दल ती केली त्या थोर माणसाची ओळख करून देतो. ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर हे त्यांचे नाव.

विषयाला सुरुवात २०२३ सालच्या गणपतीपासून करतो, कारण त्या वर्षीचा गोंधळ सगळ्यांच्या लक्षात असेल. आपल्या गल्लीतल्या बऱ्याच कन्नड शेजाऱ्यांकडे गणपती १८ सप्टेंबरला बसला, आपल्या मंडळात १९ला. आणि पुण्या-कोकणातल्या काही नातेवाइकांकडे तर तो महिनाभर आधी, २० ऑगस्टलाच येऊन गेला होता! आपल्या मीटिंगमध्ये यावरून किती वेळ वाद झाला ते मी सांगायला नको. कुणी म्हणाले, इथल्या ओंटिकोप्पल पंचांगाप्रमाणे चला. कुणी म्हणाले, कालनिर्णयात आहे तेच खरे. एका काकांनी तर पंचांगवाले सगळेच मनाला येईल ते छापतात, असा निकाल दिला.

१८ आणि १९चा वाद साधा होता. चतुर्थी १८ला दुपारी लागली आणि १९ला दुपारपर्यंत होती. मग कोणता दिवस धरायचा हा धर्मशास्त्राचा प्रश्न, गणित दोघांचे एकच. पण २० ऑगस्टचे काय? एकाच आकाशाखाली एका घरात भाद्रपद आणि दुसऱ्या घरात अधिक श्रावण नुकताच संपून निज श्रावण लागलेला, हे कसे? याचे उत्तर शोधायला गेलो आणि पुन्हा केतकरांपाशी येऊन पोचलो. पुन्हा म्हणण्याचे कारण, त्यांचे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

व्यंकटेश केतकरांचा जन्म १८५४च्या जानेवारीत नरगुंद येथे झाला. आज हे गाव गदग जिल्ह्यात आहे. म्हणजे हे गृहस्थ आपल्यासारखेच, कर्नाटकात राहिलेले मराठी. ते चार वर्षांचे असताना, १८५८ साली, नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले आणि त्यांना बेळगावात फाशी झाली. अशा धामधुमीच्या मुलखात या मुलाचे बालपण गेले. वडील बापूजी ज्योतिष जाणणारे, त्यामुळे ग्रहगणित हे घरातच होते. पुढे बेळगावला इंग्रजी शिक्षण झाले आणि १८७४च्या सुमारास ते सरकारी शाळाखात्यात शिक्षक म्हणून लागले. बागलकोटला ते इंग्रजी शाळेचे हेडमास्तर होते आणि उत्तरायुष्य त्यांनी विजापुरात काढले. कॉलेजातली प्रोफेसरी नाही, मोठी वेधशाळा हाताशी नाही. दिवसा शाळा आणि रात्री कोष्टके, असा त्यांचा जन्म गेला.

बागलकोट म्हटले की माझे कान टवकारतात. होटगी-गदग ही मीटरगेज लाइन १८८४ साली सुरू झाली, ती विजापूर, बागलकोटवरूनच जाते. तिचे ब्रॉडगेज होत असताना नोकरीच्या सुरुवातीची दोन वर्षे मी त्या भागात काढली. केतकरांच्या काळी त्याच लाइनने त्यांची पुस्तके आणि टपाल येत-जात असणार, या विचाराने मला उगीचच जवळीक वाटते.

आता त्या काळी पंचांगाची स्थिती काय होती ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात पंचांगे बहुतेक ग्रहलाघव या ग्रंथावरून होत. तो लिहिला कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी, शके १४४२ म्हणजे १५२० साली. यात एक गंमत आहे. गणेश दैवज्ञ आणि त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः आकाशाचे वेध घेणारे होते. केशवांनी ग्रह प्रत्यक्ष पाहिले आणि जुन्या कोणत्याही एका सिद्धांताने सगळे ग्रह जागेवर येत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून ग्रहलाघवात एक ग्रह या सिद्धांतावरून, दुसरा त्या सिद्धांतावरून, एखाद्याला काही कला कमी, शनीला पाच अंश जास्त, अशी जुळणी केलेली आहे. ज्या ग्रंथाला लोक पुढे दगडावरची रेघ मानू लागले तो मुळात अशी दुरुस्ती करूनच झालेला होता. पुढच्या गणितज्ञांनीही काळाप्रमाणे वेध घेऊन फरक काढावा, असे केशव दैवज्ञ लिहून गेले होते. पण साडेतीनशे वर्षे ते कुणी फारसे मनावर घेतले नाही.

परिणाम काय झाला? सूर्यसिद्धांताचे वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. साडेतीन मिनिटे म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण आमच्याकडे घड्याळ रोज अर्धा सेकंद पुढे गेले तरी वर्षाने तीन मिनिटे होतात. तसेच हे. हजार वर्षांत जवळजवळ अडीच दिवस झाले. शिवाय ग्रहांच्या गतीतल्या बारीक चुका साचत गेल्या. पंचांगात दिलेली ग्रहणाची वेळ आणि प्रत्यक्ष ग्रहण यांत फरक पडू लागला. गुरू अमुक नक्षत्रात म्हणून छापलेले असायचे आणि रात्री अंगणात येऊन वर पाहिले तर तो भलतीकडेच असायचा. पण अंगणात येऊन पाहणार कोण? ज्याच्या हातात पंचांग होते तो वर पाहत नव्हता आणि ज्याला आकाश ठाऊक होते त्या शेतकऱ्याच्या हातात पंचांग नव्हते.

महाराष्ट्रात यावर पहिला घाव घातला केरूनाना छत्रे यांनी. अलिबागजवळच्या नागावचे हे गृहस्थ तरुणपणी कुलाबा वेधशाळेत होते, पुढे पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळकांचे ते गणितातले गुरू. त्यांनी १८६० साली युरोपीय ग्रंथांच्या आधारे ग्रहसाधनांची कोष्टके मराठीत छापली आणि १८६५पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने आकाशाशी जुळणारे पंचांग सुरू केले, ते पटवर्धनी पंचांग. लोकांनी ते फारसे घेतले नाही. बापजाद्यांपासून चालत आलेली एकादशी बदलते म्हणजे काय! केरूनाना १८८४ साली वारले तोपर्यंत ते मोजक्याच घरांत गेले होते.

केतकर त्याच वाटेने निघाले पण त्यांनी एक शहाणपण केले. इंग्रजी किंवा फ्रेंच कोष्टके शास्त्रीबोवांपुढे टाकून उपयोग नाही हे त्यांनी ओळखले. म्हणून अर्वाचीन युरोपीय गणितावरून त्यांनी नवी कोष्टके बसवली आणि ग्रंथ लिहिला संस्कृतात, जुन्या करणग्रंथांच्या धाटणीने. तो ज्योतिर्गणितम्. रचना शके १८१२ची, म्हणजे १८९०ची. बागलकोटसारख्या गावात शाळा सांभाळून हाती केलेले हे गणित आहे. त्या काळी कॅल्क्युलेटर नव्हता, लॉगॅरिथमची पुस्तके होती आणि कंदील होता. एका वळणाचे ऑफसेट हाताने काढताना आमची काय तारांबळ उडते ते डिप्लोमाला असताना अनुभवले आहे, म्हणून मला याचे अप्रूप जास्त. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा मोठा ग्रंथ १८९६ साली निघाला, त्यात केतकरांची दखल घेतलेली आहे.

पुढे त्यांनी केतकी, वैजयंती, मराठीत नक्षत्रविज्ञान, इंग्रजीत भारतीय आणि परदेशी कालगणनेवरचे पुस्तक (हे १९२३चे) असे बरेच लिहिले. त्या सगळ्याची यादी देण्यात अर्थ नाही. मला त्यांच्या आयुष्यातली जी गोष्ट सर्वांत मोठी वाटते ती निराळीच आहे. ती म्हणजे त्यांनी आपले मत बदलले.

ही गोष्ट जरा समजावून सांगावी लागेल. राशिचक्राची सुरुवात कुठून मोजायची, हा प्रश्न आहे. जुन्या ग्रंथांत रेवतीचा तारा जवळपास शून्य अंशावर आणि चित्रेचा तारा १८० अंशांवर सांगितलेला आहे, म्हणजे बरोबर समोरासमोर. पण आज ज्याला रेवतीचा तारा समजतात तो आणि चित्रा यांच्यातले अंतर प्रत्यक्ष मोजले तर ते सुमारे १८४ अंश भरते. चार अंशांचा फरक. दोन्ही खुणा एकदम खऱ्या होऊच शकत नाहीत. रेवती धरली तर चित्रा चुकते, चित्रा धरली तर रेवती. केरूनानांनी रेवती धरली. टिळकांनीही तीच बाजू घेतली. केतकरांनीही ज्योतिर्गणितात रेवतीपासूनच आरंभ केला होता.

रेल्वेतल्या मित्रांना हे लगेच कळेल. लाइनवर किलोमीटरचा शून्य कुठल्या स्टेशनावर धरायचा हे आपण ठरवतो. ते निसर्ग ठरवत नाही. पण एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंतचे अंतर आपण ठरवू शकत नाही, ते टेप लावूनच कळते. आता समजा, जुन्या रजिस्टरात दोन दगडांमधले अंतर १८० लिहिले आहे आणि टेप १८४ दाखवते. मग कोणता दगड मूळ जागेवर आहे आणि कोणता पुढे-मागे समजला गेला, हे इतर पुराव्यांवरून ठरवावे लागते.

इथे इतर पुरावे काय होते? एक तर ज्याला रेवतीचा योगतारा म्हणतात तो अगदी मंद आहे, गावात दिवे असतील तर दिसतही नाही. तोच प्राचीनांचा तारा कशावरून, हीच शंका. उलट चित्रा ठळक, सूर्याच्या मार्गाच्या अगदी जवळ, तिच्याबद्दल कधी कुणाचे दुमत नाही. दुसरे, ग्रहलाघवाच्या रीतीने शके १८१२चे अयनांश काढले तर ते २२ अंश ४८ कला येतात. चित्रेवरून काढले तर सव्वाबावीस अंशांच्या थोडे वर आणि रेवतीवरून काढले तर जेमतेम साडेअठरा. म्हणजे लोकांच्या घरात शेकडो वर्षे जी कालगणना चालली होती ती चित्रेच्या जवळ होती. रेवती धरून पंचांग शुद्ध केले तर संक्रांती चार दिवस आधी येतात आणि मग कधीकधी अधिक महिनाच बदलतो. सण महिन्याने सरकतो.

केतकर पुढच्या ग्रंथांत चित्रापक्षाकडे आले आणि त्या पक्षाचे प्रमुख पुरस्कर्ते झाले. हे वाचायला सोपे वाटते. पण आपला मोठा ग्रंथ एका पायावर उभा करून, छापून झाल्यावर तो पाया बदलायचा, तोही केरूनाना आणि टिळकांसारख्यांच्या विरुद्ध बाजूला जाऊन, याला काय लागत असेल! १९०४ला मुंबईत, १९१७ला पुण्यात, १९२०ला सांगलीत ज्योतिषसंमेलने भरली. सांगलीच्या निर्णयाप्रमाणे रेवतीपक्ष धरून जे पंचांग झाले ते टिळक पंचांग. आपल्या नातेवाइकांच्या २० ऑगस्ट २०२३च्या गणपतीचे मूळ ते हे. चार अंश, म्हणजे सूर्याचे चार दिवस. तेवढ्याने त्या वर्षीचा अधिक श्रावण त्यांच्याकडे नव्हताच. हेही सांगितले पाहिजे की टिळक पंचांगाचे गणित चुकीचे नाही. त्यातले ग्रह आकाशात त्याच जागी दिसतात. शून्याचा दगड तेवढा निराळा धरलेला आहे. काकांना मी हे समजावले तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतले, पटले की नाही ते ठाऊक नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिचा अहवाल १९५५ला आला. तिने सणांसाठीचे अयनांश चित्रेला धरूनच घेतले आणि २२ मार्च १९५७पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. केतकर तेव्हा हयात नव्हते.

मत बदलण्याचा प्रसंग माझ्यावरही एकदा आला होता, तो इथे सांगून टाकतो. बागलकोटच्या बाजूला काळी जमीन. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. एका मोरीच्या तोंडाशी नवा भराव झाला होता. तिथला मुकादम मला दर चार-आठ दिवसांनी सांगायचा, साहेब, लाइन बसतेय, भराव खालून सरकतोय. माझ्याकडे भरावाच्या चाचण्यांचे कागद होते, सगळे आकडे पास. मी त्याला सांगायचो, खडी घालून पॅकिंग करून घे. त्याने दोनदा केले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर मी जरा चिडलोच, पण लेव्हल घेऊन गेलो. भरावाच्या पायथ्याशी माती हातभर पुढे फुगून आलेली होती. गवतामुळे वरून दिसत नव्हती, पण मुकादमाने रोज चालताना पाहिली होती. लगेच गाड्यांचा वेग उतरवला, कॉशन ऑर्डर लावली, पुढे पायथ्याला भार देऊन आणि पाण्याला वाट करून देऊन ते काम निभावले. काही विपरीत घडले नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही. कागद खोटा नव्हता. तो उन्हाळ्यात केलेल्या चाचणीचा होता, आणि मी तो पावसाळ्यात वाचत होतो. दोष पूर्णपणे माझा. त्या मुकादमाचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले होते.

आता केतकरांच्या त्या गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे त्यांचे नाव आमच्या घरात होते. माझे वडील अभिमानाने सांगत की प्लूटो ग्रह अमेरिकेच्या आधी आपल्या विजापूरच्या केतकरांनी शोधला. मीही तेच धरून होतो. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये कन्नड, तमिळ सहकाऱ्यांना मी हे कितीदा ऐकवले असेल.

खरी हकिगत अशी. १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या बुलेटिनात केतकरांचा एक लेख आला. गुरूच्या पहिल्या तीन मोठ्या चंद्रांच्या गतींमध्ये एक ठरावीक मेळ असतो, तो लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवला होता. तसाच मेळ बाहेरच्या ग्रहांतही असला पाहिजे असे धरून केतकरांनी नेपच्यूनच्या पलीकडच्या ग्रहांचे अंदाज बांधले. त्यातल्या एकाचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या सुमारे ३९ पट आणि प्रदक्षिणेला सुमारे २४२ वर्षे. १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना फोटोच्या काचा ताडून पाहताना प्लूटो सापडला. १३ मार्चला ते जाहीर झाले. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, प्रदक्षिणा २४८ वर्षे. किती जवळचा आकडा! विजापुरात बसून एका निवृत्त मास्तराने केलेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर वारले.

इथवर सगळे खरे. पण काही वर्षांपूर्वी सिग्नल खात्यातल्या एका सहकाऱ्याने मला शांतपणे विचारले की तो ग्रह आकाशात कुठे आहे हे केतकरांनी सांगितले होते का आणि त्या जागी पाहून तो सापडला का. मला उत्तर देता आले नाही. राग आला, खोटे कशाला सांगू. वाटले, आपला माणूस म्हणून याला खुपते आहे. घरी येऊन पुस्तके काढली, इंटरनेटवर शोधले. आणि हळूहळू माझा अभिमान एकेक पायरी खाली उतरू लागला.

टॉम्बॉ केतकरांच्या आकड्यांवरून शोधत नव्हते. ते ज्या वेधशाळेत होते तिचे संस्थापक लॉवेल यांनी वेगळ्याच रीतीने भाकीत केले होते. युरेनसच्या गतीतल्या बारीक फरकांवरून, पृथ्वीच्या सहा-सात पट वस्तुमानाचा ग्रह असावा, असे. प्लूटो सापडला तेव्हा जगाला वाटले लॉवेल बरोबर ठरले. पण १९७८ साली प्लूटोचा चंद्र सापडला, त्याच्या भ्रमणावरून प्लूटोचे वस्तुमान कळले. ते निघाले पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या भागाएवढे! एवढासा गोळा युरेनसला काय हलवणार? पुढे १९८९ साली व्हॉयेजर यान नेपच्यूनजवळून गेले, त्यावरून नेपच्यूनचे वस्तुमान नीट कळले आणि १९९३ साली पुन्हा गणित केले तर युरेनसच्या गतीतला तो फरकच नाहीसा झाला. म्हणजे लॉवेल ज्या कारणाने शोधत होते ते कारणच नव्हते. प्लूटो तिथे सापडला हा योगायोग. मग केतकरांचा आकडाही जवळ आला तो योगायोगच म्हणावा लागतो, कारण ग्रहांमध्ये तसा मेळ असलाच पाहिजे हे गृहीत होते, सिद्ध झालेले नव्हते. आणि २००६ साली तर प्लूटोला ग्रहांच्या यादीतूनच काढले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवतो. पुढे १९६०च्या दशकात कळले की नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्यात प्लूटोच्या दोन होतात आणि हा मेळ टिकून राहतो. केतकरांनी धरलेला मेळ हाच नव्हता, त्यांचा हिशेब वेगळा होता. पण बाहेरच्या जगात असे मेळ असतात, हे त्यांना सुचले होते.

वडील आता नाहीत. ते असते तर हे त्यांना कसे सांगितले असते, असा विचार मी बरेच दिवस करत होतो. कदाचित सांगितलेच नसते. पण त्या सहकाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जाऊन सांगितले की तुमचा प्रश्न बरोबर होता. त्याने कॉफी मागवली आणि केतकरांच्या पंचांगाबद्दल अजून विचारले, तेव्हा चित्रा आणि रेवतीची सगळी कथा टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या मांडून मी त्याला सांगितली. त्याला ती प्लूटोपेक्षा जास्त आवडली.

आता ती दुरुस्ती. काही वर्षांपूर्वी आपल्या स्मरणिकेत पान भरायला म्हणून माझ्याकडून एक चौकट घेतली होती, आपले अभिमानास्पद मराठी बांधव या मथळ्याची. तीत प्लूटोचा शोध विजापूरच्या व्यं. बा. केतकर यांनी लावला, असे छापले आहे. ते चूक आहे. ज्यांच्याकडे तो अंक असेल त्यांनी कृपया तेवढी ओळ पेनने खोडावी आणि त्या जागी लिहावे: नरगुंद येथे जन्म १८५४, विजापूर येथे मृत्यू १९३०, शाळामास्तर, शुद्ध पंचांगासाठी ज्योतिर्गणितम् लिहिले, आधी रेवती मानली, नंतर चित्रा मानली. चौकटीत जागा कमी आहे, पण बारीक अक्षरात बसेल.

गणपती बाप्पा मोरया!